डोळे मिटून हजर

कस्तुरी गुरव रोज शाळेत बसायची आणि रोज गैरहजर लागायची.

शाळा म्हणजे पडवीतल्या भिंतीवर बसवलेला हातभर पडदा. वरची घोटणी हे पाटणच्या पठारावरचं गाव. तिथं पवनचक्क्या मोजायला गेलं तर शंभरावर भरतील, आणि शाळेत जाणारी पोरं मोजली तर सात. सात पोरांसाठी दोन मास्तर कशाला, असं वर कुणीतरी ठरवलं आणि चार वर्षांपूर्वी शाळेला कुलूप लागलं. बदल्यात घरोघरी 'वाटाड्या' आला. पडदा, त्याच्या वरच्या कडेला डाळीच्या दाण्याएवढा कॅमेरा, आणि एक गोड आवाज. हा आवाज कधी चिडत नाही, कधी दमत नाही आणि कुणाच्या पाठीत धपाटाही घालत नाही. कस्तुरीची नववीची तुकडी चाळीस पोरांची होती, चाळीस गावांतली. पडद्याच्या कडेला सगळ्यांचे चेहरे ओळीनं लावलेले असायचे आणि प्रत्येकाखाली एक ठिपका. हिरवा म्हणजे हजर, राखाडी म्हणजे गैरहजर.

कस्तुरीचा ठिपका राखाडी व्हायचा तो नेमका गणिताच्या आणि विज्ञानाच्या तासाला. जिथं तिचा सगळा जीव होता, तिथंच.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी वाटाड्या मधाळ आवाजात म्हणाला, "कस्तुरी, तुझा अवधानगुण एकसष्ट आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तो पंच्याहत्तर झाला नाही, तर दुसऱ्या सत्रापासून तुला 'सोपी वाट' मिळेल. काळजी करू नकोस, सोपी वाटसुद्धा छान असते!"

छान म्हणे! सोप्या वाटेला बीजगणित नव्हतं आणि विज्ञान अर्धंच होतं. त्या वाटेनं गेलेल्या पोराला अकरावीला विज्ञान घेता येत नसे. आणि कस्तुरीला तर ध्वनीचं शास्त्र शिकायचं होतं. सहावीपासून ठरवलेलं होतं तिनं, आणि ती एकदा ठरवलं की ठरवलं अशातली पोरगी. "पण चाचणीत मला पंचवीसपैकी तेवीस आहेत!" ती पडद्याला म्हणाली.

"चाचणीचे गुण घोकंपट्टीनंही मिळतात," वाटाड्या म्हणाला. "अवधान महत्त्वाचं."

या अवधानगुणाची भानगड नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं. माणूस डोकं चालवायला लागला की त्याच्या डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. सतरा गुणिले सहा किती म्हटलं की ती रुंदावते, उत्तर सापडलं की परत लहान होते. फरक इतका बारीक की समोर बसलेल्या माणसाला दिसायचा नाही, पण अवरक्त प्रकाशात बघणारा कॅमेरा तो सेकंदाला साठ वेळा मोजतो. नजर कुठल्या शब्दावर अडली, कुठून मागं फिरली, पापणी किती वेळानं लवली, हेही टिपतो. लाखभर पोरांच्या डोळ्यांवरून वाटाड्या शिकला होता की ही बाहुली गोंधळलेली, ही कंटाळलेली, हिला आत्ता उमजलं. पोरगं अडलं की तो तिथल्या तिथं एक पायरी खाली उतरून पुन्हा समजावायचा. खोटं कशाला बोला, यंत्र चांगलंच होतं. मागच्या बाकावर बसून न कळताच मान डोलावणारी कितीतरी पोरं त्यानं वर काढली होती.

फक्त त्याला जे काही कळायचं ते डोळ्यांतून कळायचं. मिटलेला डोळा म्हणजे झोपलेलं पोरगं, एवढाच त्याचा हिशेब होता. पंधरा सेकंद डोळे मिटले की ठिपका राखाडी.

आणि गुरवांच्या घरात डोळे मिटल्याशिवाय कुणी विचारच करत नसे.

कस्तुरीचे वडील, तात्या, लहानपणीच्या तापात दृष्टी गमावलेले. बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा साऱ्या पंचक्रोशीत कुणी नव्हता. लग्न होऊन आई घरात आली तेव्हा नवी नवरी तात्यांच्या प्रत्येक बोलण्यावर नुसती मान हलवायची. चार दिवसांनी तात्या म्हणाले, "अगं, तुझी मान मला दिसती व्हय? डोळं मीट, ऐक, आन् तोंडानं बोल." तेव्हापासून ती चालच पडली. तात्या महत्त्वाचं काही सांगायला लागले की घरात सगळ्यांनी डोळे मिटायचे. कस्तुरी पाढे तशीच शिकली. पावकी, निमकी, दिडकी, सगळं तात्यांच्या मांडीला मांडी लावून, डोळे मिटून. अवघड गणित आलं की तिच्या पापण्या आपोआप खाली यायच्या आणि आत सगळं लख्ख दिसायला लागायचं.

आईनं त्याच दिवशी मदत क्रमांकावर फोन लावला. "अवो, माझी पोरगी झोपत न्हाई, इचार करती!"

"आपल्या पाल्याच्या झोपेची वेळ नियमित ठेवा," पलीकडून उत्तर आलं. "धन्यवाद."

"ह्याला कान हायती का न्हाईत?" आईनं फोन ताटाळ्यात आपटला. पण आपटून काय होणार? पालथ्या घड्यावर पाणी.

कस्तुरी रडली वगैरे नाही. तिनं ठरवलं, ठीक आहे, डोळे उघडे ठेवायचे. त्यात काय एवढं?

पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तिनं पापण्या खाली यायला लागल्या की मांडीला चिमटा काढायची युक्ती काढली. आठवड्याभरात तिचा त्या आठवड्याचा गुण ब्याऐंशीवर गेला. वाटाड्यानं पडद्यावर फुलं उधळली. आणि शनिवारच्या चाचणीत तिला पंचवीसपैकी अकरा पडले.

"तुझी प्रगती उत्तम आहे," वाटाड्या म्हणाला.

कस्तुरीनं त्या अकराकडे बघितलं आणि तिला पहिल्यांदा खरोखरची भीती वाटली.

रविवारी तात्या खालच्या घोटणीच्या भजनी मंडळाची पेटी उघडून बसले होते. पेटीत एकेका पट्टीखाली पितळेच्या दोन-दोन रीड असतात. दोन्ही तंतोतंत एका सुरात लागल्या तर आवाज सरळ निघतो. एक जरी केसभर उतरली तरी आवाज हेलकावे खायला लागतो. वाँव, वाँव, वाँव. सेकंदाला दोन हेलकावे आले, म्हणजे दोन रिडींच्या कंपनांत दोनाचा फरक. मग कानशीचा हलका हात मारायचा, पुन्हा ऐकायचं. पुस्तकात याला 'विस्पंद' म्हणतात, हे कस्तुरीला नववीत कळलं. मोजायला मात्र ती पाचव्या वर्षीच शिकली होती.

"मोज गं," तात्या म्हणाले आणि भाता हलवला. बोटानं फळीवर टिचक्या मारत त्यांनी दहा सेकंद धरले.

"सोळा," कस्तुरी म्हणाली.

"एकोणीस." तात्यांनी भाता सोडला. "डोळं उघडं हायती तुझं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकायला लागलीस की तुझा पाय हलायचा थांबतो. आज मगापासनं फळी करकरतीया." त्यांनी कानशी खाली ठेवली. "माझ्याम्होरं बी उघडं ठेवायला लागलीस व्हय?"

कस्तुरीनं मुद्दाम केलं नव्हतं. आठवडाभर मांडीला चिमटे काढून तिचे डोळे आता मिटायचंच विसरले होते. "सोपी वाट देतील हो मला, तात्या," ती म्हणाली. तात्यांनी तिचा हात चाचपून हातात घेतला.

मार्ग सापडला तो अचानक, आणि तोही देवाच्या नावावर.

रोज सकाळी साडेदहाला तुकडीची प्रार्थना व्हायची. चाळीस पडद्यांवर चाळीस पोरं हात जोडून, डोळे मिटून उभी, आणि शेवटी मिनिटभर मौन. त्या मंगळवारी मौनात कस्तुरीच्या डोक्यात कालचं अडलेलं समीकरण घोळत होतं. ती इतकी गुंगली की प्रार्थना संपली, सगळे बसले, गणिताचा तास सुरू झाला, तरी ही बया खाली बसून हात जोडूनच होती. समीकरण सुटलं तेव्हा तिनं डोळे उघडले. आठ मिनिटं झाली होती. घाबरून तिनं ठिपक्याकडे बघितलं.

ठिपका हिरवागार!

झालं होतं असं की वाटाड्या सुरू झाला त्या पहिल्याच सकाळी प्रार्थनेला राज्यातली झाडून सगळी पोरं त्याला झोपलेली दिसली आणि एकजात गैरहजर लागली. मग घाईघाईनं कुणीतरी त्याला शिकवलं की डोळे मिटलेले आणि हात जोडलेले असले तर पोरगं हजर धर. फक्त प्रार्थना साडेदहालाच असते, हे सांगायचं राहून गेलं. सांगणाऱ्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. गणिताच्या तासाला हात जोडून कोण बसतंय?

कस्तुरी बसायला लागली. अवघड भाग आला की हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि कानांनी शिकायचं. तिचे चाचणीचे गुण परत तेवीसवर आले, अवधान सत्त्याण्णववर गेलं, आणि सत्राचा गुण रोज थोडा थोडा वर सरकायला लागला.

"तू रोज कसला नवस बोलतेस गं?" मधल्या सुट्टीत रोशनीनं विचारलं. रोशनी पावरा तोरणमाळकडच्या एका पाड्यावरची. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण चार वर्षं पडद्यावरून एकमेकींचे डबे बघत जेवत होत्या. कस्तुरीनं तिला खरं ते सांगितलं. रोशनी पोट धरून हसली, आणि तिच्या पोटात गोष्ट राहणं शक्यच नव्हतं.

पंधरवड्यात निम्मी तुकडी भाविक झाली. काहींना खरंच तसं शिकणं मानवलं. बाकीच्यांनी मात्र सरळ ताणून दिली, बसल्या बसल्या, हात जोडून. परांड्याचा एक बहाद्दर तर भूमितीच्या तासाला नमस्काराच्या मुद्रेत घोरला.

इकडे घरी आईनं सहज बोलता बोलता तात्यांना हात जोडण्याची गंमत सांगितली. तात्या हसले नाहीत. "कस्तुरे, देवाला हात जोड, न्हाईतर गणित कर. दोन्ही एकदम करून दोघांस्नी फशीवतीस."

"मग काय करू? सोप्या वाटेनं जाऊ?"

"तसं न्हाई म्हनत. पर तुझं खरं असंल तर ते हाताआड लपवायला का लागतंय?"

कस्तुरीला राग आला. दिवाळीला बारा दिवस उरलेले, गुण चौऱ्याहत्तरवर आलेला, आणि यांना खऱ्याखोट्याचं पडलंय! पण राग आला तरी तात्यांचं वाक्य काही डोक्यातून जाईना. हात जोडले की ते आठवायचं आणि बोटं अवघडल्यासारखी व्हायची.

गुरुवारी गणिताच्या तासाला वाटाड्याचा आवाज मध्येच बंद झाला आणि पडद्यावर एक खरीखुरी बाई आली. पन्नाशीची, चष्मा कपाळावर सरकवलेला, मागे भिंतीवर पाल.

"मी तायडे. तुमची तुकडी माझ्याकडे आहे," ती म्हणाली. पोरं बघतच राहिली. आपल्या तुकडीवर कुणी जिवंत माणूस नेमलेलं आहे, हे त्यांना चार वर्षांत ठाऊकच नव्हतं. तायडे बाईंकडे अशा तीस तुकड्या होत्या, बाराशे पोरं. त्यांचं काम फक्त आकड्यांचे तक्ते बघायचं. तक्त्यात काही विपरीत दिसलं तरच तासात यायचं. "या तुकडीत चाळीस मिनिटांच्या तासात एकोणीस पोरं सरासरी अठ्ठावीस मिनिटं प्रार्थना करतात. गणिताला मीही घाबरायचे रे बाळांनो, पण इतकी नाही. कुणी सुरू केलं हे?"

सगळ्यांनी मूग गिळले. रोशनीनं तर खाली बघून पेन्सिलीला टोक करायला घेतलं. तिनं नाव घेतलं नसतं, हे कस्तुरीला माहीत होतं.

"ठीक आहे. मग नियमाप्रमाणे या एकोणीस जणांचा सत्राचा अवधानगुण शून्य धरला जाईल."

गप्प बसलं तर अठरा जणांबरोबर बुडायचं, आणि बोललं तर एकटीनं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कस्तुरीनं जोडलेले हात सोडले आणि उभी राहिली.

"बाई, मी सुरू केलं. कस्तुरी गुरव, वरची घोटणी. बाकीच्यांनी माझं बघून केलं."

"का?"

"डोळे मिटले की मला कळतं. उघडे ठेवले की फक्त हजेरी लागते." तिनं सरळ वरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. "हात जोडले ते चुकलं माझं. लबाडी होती ती. पण डोळे मिटणं ही लबाडी नाही. सोपी वाट द्यायची तर द्या, पण आधी मला काहीतरी विचारा, बाई. चार वर्षांत मला माणसानं एक प्रश्न विचारलेला नाही."

तायडे बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पुसला, परत वर सरकवला. त्यांनीही चार वर्षांत कुणाला एक प्रश्न विचारला नव्हता. "बरं," त्या म्हणाल्या. "दोन स्वर एकदम वाजतायत. एकाची वारंवारता दोनशे छप्पन्न, दुसऱ्याची दोनशे अठ्ठावन्न. काय होईल?"

कस्तुरीनं डोळे मिटले. हात दोन्ही बाजूंना मोकळे. ठिपका राखाडी होईल तर होवो.

"सेकंदाला दोन विस्पंद. पण बाई, हे पुस्तकातलं झालं. प्रत्यक्ष ऐकायचंय?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं हाक मारली, "तात्या! खालच्या घोटणीची पेटी आणा!"

तात्या पडवीतच होते. पेटी पडद्यासमोर आली. अजून न लावलेली पट्टी त्यांनी बोटानं चाचपली आणि भाता हलवला. वाँव, वाँव, वाँव. चाळीस गावांत तो आवाज पोहोचला.

"वीस सेकंदांत किती हेलकावे येतात ते मोजा, बाई," कस्तुरी म्हणाली. "बघून नाही जमायचं. डोळे मिटा."

तायडे बाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलायला लागले. रोशनीनं मिटले. परांड्याच्या बहाद्दरानंही मिटले, आणि या वेळी तो झोपला नव्हता. पडद्याच्या कडेनं एकेका चेहऱ्याचे डोळे मिटत गेले. कुणी हात जोडले नव्हते.

पंधरा सेकंद झाले आणि पडदा काळा पडला. त्यावर अक्षरं आली:

'शिक्षक गैरहजर. तास स्थगित.'

तात्यांचा हात भात्यावर तसाच राहिला. "काय झालं गं?"

"बाईंना गैरहजर लावलं," कस्तुरी म्हणाली. तिला हसू येत होतं. पण आता संपलंच, असंही तिला वाटलं. आई दारात येऊन उभी राहिली.

मग आईच्या पदराला बांधल्यासारखा सदा कमरेला असणारा तिचा जुना फोन वाजला. आईनं घेतला, ऐकला, आणि कस्तुरीपुढे धरला.

"गुरव?" तायडे बाईंचा आवाज होता, पडद्यावरच्यापेक्षा जरा घोगरा. "माझ्यापुढे प्रत्येक पोराच्या नावासमोर एक चौकट आहे, 'शिक्षकाचा शेरा'. त्यात लिहिलं तर यंत्राचा गुण बाजूला राहतो. चार वर्षांत ती कुणी वापरलेली नाही. तुझ्यापुढे मी आत्ता लिहिलं, 'डोळे मिटून हजर. वाट बदलू नये.' बाकीच्या अठरा जणांना मी एकेकाला फोन करून प्रश्न विचारणार आहे. जो झोपला असेल तो सापडेल. जाब विचारतील मला वरून. विचारू देत. मलाही त्यांना बरंच विचारायचंय."

"बाई..." कस्तुरीनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"आणि हे बघ, तासाला लबाडी पुन्हा नाही चालायची हं. हात जोडायचे ते फक्त साडेदहाला."

"हो, बाई."

"तीस मोजले होते मी. पंधरा सेकंदांत तीस, आणि तेवढ्यात त्या मेल्यानं पडदा पाडला. तुझ्या तात्यांना सांग, पेटी उचलू नका म्हणावं. माझे पाच सेकंद राहिलेत."

कस्तुरीनं फोन पेटीजवळ धरला. तात्यांनी भात्यावर हात ठेवला आणि कान तिच्याकडे वळवला. फळी करकरत नव्हती. पाय थांबला होता.

"मिटलं का डोळं?" त्यांनी विचारलं.

"मिटले," फोनमधून बाई म्हणाल्या.

"मिटले, तात्या," कस्तुरी म्हणाली, आणि तात्यांनी भाता हलवला.